जॉन केज: 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'चं कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. अमेरिकन रचनाकार जॉन केजचं नाव काढलं की गाडी त्याच्या '४ मिनिटं ३३ सेकंदां'वर, म्हणजे वादकाने काहीच न वाजवण्याच्या रचनेवर, जाऊन अडते, पुढे सरकतच नाही. मला त्याच्या आधीचं, १९४६ ते १९४८ मध्ये प्रिपेर्ड पियानोसाठी (तारांमध्ये स्क्रू, रबर अशा वस्तू अडकवलेल्या पियानोसाठी) लिहिलेलं 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' सलग आणि नीट ऐकायचं आहे. बोरिस बर्मन आणि मारो आजेमियन अशी दोन ध्वनिमुद्रणं लावून पाहिली. स्वरलिपी एकच, पण एकीकडे घंटेसारखा नाद येतो त्याच जागी दुसरीकडे लाकडी ठोकळ्यावर टिचकी मारल्यासारखं ऐकू येतं. हा फरक वाजवणाऱ्याचा की पियानोचा?

एकच घ्यायचं तर कोणतं घ्यावं, आणि त्यानंतर दुसरं कोणतं? शिवाय यात नवरस आहेत असं सगळीकडे वाचायला मिळतं. कोणत्या सोनाट्यात कोणता रस, अशी यादी आहे का?

ऐकायला साधे बंद हेडफोन आहेत. घरात एक जुना अपराइट (उभ्या तारांचा) पियानोही आहे, त्यावर काही करून बघण्यासारखं असेल तर तेही सांगा.

---

खुंटी_पिळ

फरक दोघांचाही, पण आधी पियानोचा. आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं याचं उत्तर देता येत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

केजने स्वरलिपीच्या सुरुवातीला एक तक्ता दिला आहे. पियानोच्या ८८ पैकी ४५ स्वरांच्या तारांमध्ये वस्तू अडकवायच्या. तक्त्यात स्वर कोणता, वस्तू कोणती, ती कोणत्या दोन तारांच्या मध्ये बसवायची आणि डॅम्परपासून (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीपासून) किती इंचांवर, असे रकाने आहेत. काही स्वरांना एकच वस्तू, काहींना दोन किंवा तीन. वस्तू म्हणजे स्क्रू, लहान, मध्यम आणि लांब बोल्ट, फर्निचरचे बोल्ट, नट, रबराचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे. एक खोडरबरही आहे आणि तो तर कंपनी आणि नंबरासकट दिला आहे: अमेरिकन पेन्सिल कंपनी, क्रमांक ३४६. समुद्रकाठी फिरताना शिंपले निवडावेत तशा या वस्तू निवडल्या, असं केज म्हणायचा. पण निवड झाल्यावर मापं मात्र त्याने बारकाईने लिहून ठेवली.

गोम आहे ती या इंचांत. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ज्या नियमाने ऐकू येतो तोच नियम इथे लागू होतो. बोल्ट तारेच्या बरोबर एक-तृतीयांशावर टेकला तर त्या जागेशी जुळणारा स्वयंभू स्वर स्वच्छ उमटतो. तिथून थोडा सरकला की स्वर विस्कटतो आणि धातूचा, थाळी वाजल्यासारखा नाद येतो. रबर असेल तर स्वयंभू स्वर मरतात आणि फक्त ठोका उरतो. केजने तक्ता बनवला तो स्टाइनवेच्या 'ओ' या सुमारे १८० सेंटिमीटर लांबीच्या ग्रँडवर, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोवर. मोठ्या सभागृहात असतो तो 'डी', २७४ सेंटिमीटरचा. त्याच्या तारा वेगळ्या लांबीच्या, त्यामुळे तक्त्यातले तेच इंच मोजले तरी बोल्ट तारेच्या दुसऱ्याच बिंदूवर येतो. मग पियानिस्टपुढे दोन वाटा असतात: इंच पाळायचे, किंवा इंच बाजूला ठेवून कानाला पटेल तिथे बोल्ट सरकवायचा. दोन्ही प्रामाणिक आहेत, आणि दोन्हींतून निघणारा नाद वेगळा. बोल्टची जाडी, आटे किती बारीक, नट किती सैल, हे वेगळंच.

म्हणून माझी शिफारस अशी. पहिलं तुम्ही लावलंच आहे ते: बर्मन, नॅक्सॉस, १९९९. एका सीडीत सगळं काम, आवाज स्वच्छ, वाजवणं समतोल. दुसरं घ्याल ते फिलिप व्हांद्रे यांचं, मोड या कंपनीचं. त्यांनी मुद्दाम स्टाइनवे 'ओ' वापरला आहे. तक्त्यातले इंच त्यांच्या मूळ मापाच्या पियानोवर कसे बोलतात ते तिथे कळतं. दोन्ही पाठोपाठ लावा, एकेक सोनाटा, आलटून-पालटून. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात कानाला मिळेल.

---

जवारीदार

खुंटी_पिळ यांनी पियानोचं सांगितलं ते बरोबर, पण पहिल्या शिफारशीशी मी सहमत नाही. नवख्या माणसाला नादाचं आकर्षण आपोआप वाटतं, त्यासाठी मदत लागत नाही. मदत लागते ती काळाची बांधणी ऐकायला. त्यासाठी जॉन टिलबरी यांचं ध्वनिमुद्रण आधी घ्या. १९७४ मध्ये मुद्रित झालं, डेक्काच्या हेडलाइन मालिकेत निघालं, पुढे एक्सप्लोर या कंपनीने सीडी काढली. लय स्थिर आहे, थांबे पूर्ण मोजलेले आहेत, कुठे भावुक ओढाताण नाही.

बांधणी म्हणजे काय ते चौथ्या सोनाट्यावर दाखवतो. याचं माप १० मात्रागटांचं आहे आणि ते ३, ३, २, २ असं फोडलं आहे. मात्रागट म्हणजे इथे पाश्चात्त्य स्वरलिपीतला बार, आपली मात्रा नव्हे. पहिला भाग ३० मात्रागटांचा, तो दोनदा वाजतो. दुसरा २० मात्रागटांचा, तोही दोनदा. ३० अधिक ३० अधिक २० अधिक २०, एकूण १००. आता प्रत्येक १० मात्रागटांच्या तुकड्याच्या आत पाहा, तिथेही वाक्यं ३, ३, २, २ अशीच पडतात. म्हणजे जे माप पूर्ण रचनेला तेच तिच्या प्रत्येक अवयवाला.

१० म्हटल्यावर झपतालाची आठवण येणारच. ती तिथेच सोडा. इथे समेवर परत येणं नाही, ठेका नाही, आवर्तन पूर्ण झाल्याचा दिलासा नाही. माप हे रिकामं भांडं आहे. त्यात आवाज भरला तरी चालतो आणि शांतता भरली तरी चालते. चौथ्या सोनाट्यात शांततेची वाक्यं भरपूर आहेत, म्हणून तोच निवडला. कागदावर ३, ३, २, २ लिहून घ्या आणि बोटांवर मोजत ऐका. लय डळमळली की मोजणी कोलमडते, म्हणून टिलबरी.

तिसरा सोनाटा याहून अवघड आहे: १, १, ३¼, ३¼, एकूण साडेआठ. तो दुसऱ्या आठवड्यात.

पूर्ण क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४ सोनाटे आणि १ इंटरल्यूड, मग ४ सोनाटे आणि लागोपाठ २ इंटरल्यूड, मग ४ सोनाटे आणि १ इंटरल्यूड, शेवटी ४ सोनाटे. म्हणजे १६ आणि ४, एकूण २० तुकडे, मधोमध दोन इंटरल्यूडची जोडी, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या. शफल चालू असेल तर हे सगळं मातीमोल होतं. आधी ते बंद करा. क्रॉसफेडही (एक तुकडा दुसऱ्यात मिसळण्याची सोय) बंद करा, कारण तुकड्याच्या शेवटी विरत जाणारी झणझण हा संगीताचाच भाग आहे आणि क्रॉसफेड नेमकी तीच खातो.

---

मंद्रपंचम

रसांबद्दल. यादी नाही. केजने ती कधीच दिली नाही, आणि इंटरनेटवर जी कोष्टकं फिरतात ती ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाने लावलेली आहेत. त्यावर विसंबू नका.

मूळ गोष्ट अशी. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या. त्या पखवाज शिकलेल्या होत्या. केजने त्यांना पाश्चात्त्य काउंटरपॉइंट (एकाच वेळी अनेक स्वरओळी गुंफण्याची पद्धत) आणि समकालीन संगीत शिकवलं, त्यांनी त्याला भारतीय संगीत आणि त्यामागचा विचार सांगितला. संगीत कशासाठी, या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि स्थिर व्हावं, म्हणजे ते दैवी प्रभावाला खुलं होतं. हे उत्तर केजने पुढे आयुष्यभर वापरलं. त्याच काळात तो आनंद कुमारस्वामींचं लेखन वाचत होता आणि रसविचार त्याला तिथे भेटला.

केजच्या मांडणीत चार रस उजळ आहेत, वीर, शृंगार, अद्भुत आणि हास्य. चार काळोखे, करुण, भयानक, रौद्र आणि बीभत्स. शांत मधोमध, बाकी सगळ्यांचा कल त्याच्याकडे. तो यांना कायमच्या भावना म्हणतो. आपल्या परिभाषेत हे स्थायीभावाच्या जवळ जातं, नावं मात्र तो रसांची घेतो. काव्यशास्त्र शिकलेल्यांना हा घोळ खटकेल आणि तो आहेच. पण त्याला शास्त्र मांडायचं नव्हतं. महायुद्धाच्या काळात संगीत म्हणजे स्वतःच्या मनातलं दुसऱ्याला सांगणं, या कल्पनेवरचा त्याचा विश्वास उडाला होता. लोक दुःखाच्या रचनेला हसत होते. अशा वेळी व्यक्तीच्या पलीकडची, सगळ्यांना सामाईक अशी भावनांची चौकट त्याला आपल्याकडे सापडली.

मग ऐकताना रस शोधायचेच नाहीत का? शोधा, पण वेगळ्या रीतीने. घंटेसारखे नाद युरोपची आठवण देतात आणि ढोलासारखे पूर्वेची, असं त्याने म्हटलं आहे. शेवटचा, सोळावा सोनाटा उघडच युरोपीय आहे, पश्चिमेच्या रचनाकाराची सही म्हणून. हा धागा पक्का आहे, तो धरा. पाचवा सोनाटा घ्या. डाव्या-उजव्या हातांची सारखी चाल, रबर आणि धातू बसवलेले स्वर आणि त्यातून निघणारा कोरडा, एकसारखा ठोका. लगेच सोळावा लावा. फरक शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

एक इशारा. राग शोधायला जाऊ नका. तंबोरा नाही, षड्ज नाही, बढत नाही. आपल्या कानाला सवय असते की कलाकार एका स्वरावरून हळूहळू पुढे जाईल. इथे दुसरा भाग सुरू होतो तो पहिल्याचा विस्तार म्हणून नव्हे, तर माप भरायचं आहे म्हणून.

---

तिसरी_घंटा

खूप आभार. चौथा सोनाटा मोजत ऐकला. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. आता दोन शंका. एक, बर्मनमध्ये तोच स्वर कधी पियानोसारखा आणि लगेच पुढे विचित्र, पोकळ ऐकू येतो. वस्तू तर मध्ये बदलत नाहीत ना? दोन, आवाज किती ठेवावा? कमी ठेवला तर नादाचं विरत जाणारं शेपूट ऐकू येत नाही, जास्त ठेवला तर ठोके कानात बसतात.

---

खुंटी_पिळ

वस्तू बदलत नाहीत, डावा पेडल बदलतो. नीट ऐकलंत.

ग्रँड पियानोत मधल्या आणि वरच्या पट्टीत प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. हातोडी तिन्हींवर एकदम पडते. डावा पेडल दाबला की सगळी यंत्रणा किंचित उजवीकडे सरकते आणि हातोडी डावीकडची पहिली तार सोडून दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर पडते. आता समजा बोल्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये आहे. पेडल न दाबता पहिली तार मोकळी वाजते, म्हणून नेहमीचा स्वर आणि त्यावर बोल्टचा नाद, असं मिश्रण येतं. पेडल दाबला की मोकळी तार गप्प होते आणि फक्त बोल्टचा नाद उरतो. म्हणजे एकाच पट्टीखाली दोन वाद्यं. म्हणूनच तक्त्यात '१-२' की '२-३' हे इतकं काटेकोर लिहिलेलं आहे, आणि म्हणूनच पेडलच्या खुणा पाळणं इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं.

आवाज: प्रिपेर्ड पियानो प्रत्यक्षात साध्या पियानोपेक्षा हळू असतो, कारण वस्तू तारेचं कंपन खातात. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन जवळ असल्यामुळे तो मोठा वाटतो. खोलीत समोर बसून कोणी बोलावं तेवढाच ठेवा. शेपूट ऐकू येत नसेल तर आवाज वाढवू नका, पंखा बंद करा. ॲपमधली आवाज सारखा करणारी सोय बंद ठेवा किंवा पूर्ण अल्बमला एकच पातळी लागेल अशी ठेवा, नाहीतर हळू तुकडे उचलले जातात आणि आपसांतलं प्रमाण बिघडतं.

आता अपराइट. तक्ता त्यावर लावता येत नाही, सरळच सांगतो. तारा उभ्या असतात, त्यामुळे बोल्ट कंपनाने सुटून खाली यंत्रणेत पडतो. डावा पेडल यंत्रणा बाजूला सरकवत नाही, हातोड्या तारांच्या जवळ आणतो, म्हणजे वर सांगितलेला खेळच होत नाही. जुन्या तारा गंजलेल्या असतील तर धातू घुसवताना तुटू शकतात. म्हणून फक्त रबर वापरा.

वरचं झाकण उघडा, पुढची फळी काढा. मधल्या पट्टीतले तीन तारांचे ८-१० स्वर निवडा. तांब्याचं वेटोळं असलेल्या खर्जाच्या तारांना हात लावू नका. मऊ खोडरबराचे तुकडे कापा, दोन तारांमधल्या फटीपेक्षा किंचितच जाड. जास्त जाड झाले तर तारा फाकतात आणि स्वर उतरतो किंवा चढतो. बारीक झाले तर चार ठोक्यांत निसटतात. कुणाला तरी उजवा पेडल दाबून धरायला सांगा, म्हणजे डॅम्पर तारांपासून दूर राहतील आणि तारा बाजूला होताना वाकणार नाहीत. मग हातोड्यांच्या वर, तारा उघड्या दिसतात तिथे तुकडा सरळ आत सरकवा. घामट बोटं तारांना लावू नका, गंज धरतो. एक स्वर वाजवा, तुकडा अर्धा सेंटिमीटर वर घ्या, परत वाजवा. तक्त्यातला इंचांचा रकाना कशासाठी आहे ते या एका कृतीत कळतं. काढतानाही पेडल दाबूनच, न पिळता सरळ ओढून. रबर दिवसेंदिवस आत ठेवू नका, ते तारेला चिकटतं.

ज्यांच्याकडे ग्रँड आहे त्यांच्यासाठी: आधी पियानो स्वरात लावून घ्या, नंतर वस्तू. बोल्ट थेट दाबून घुसवू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरीने दोन तारा फाकवा, बोल्ट ठेवा, पाचर काढा. प्रत्येक वस्तूनंतर शेजारच्या स्वराच्या तारा वाजवून पाहा, बोल्टचं डोकं तिकडे टेकत असेल तर नको असलेली झणझण येते. पूर्ण ४५ स्वरांना पहिल्या खेपेला दोन-तीन तास सहज जातात. लोखंडी वस्तू आत पडली तर काठीला चुंबक बांधून निघते, रबर आणि प्लॅस्टिकसाठी लांब चिमटा लागतो. जोरकस तुकड्यांनंतर बोल्ट सरकतात, म्हणून मधूनमधून मापं परत तपासावी लागतात. पियानो दुसऱ्याचा असेल तर मालकाची आणि ट्यूनरची परवानगी घेतल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

---

काळी_पाच

वर आजेमियनबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. हे काम तिलाच अर्पण केलेलं आहे, आणि डायल कंपनीचं तिचं १९५० च्या सुमाराचं मुद्रण हे पहिलं. मोनो, खरखर आहे, वरचे नाद कापलेले. पहिलं म्हणून घेऊ नका, पण तिसरं म्हणून जरूर घ्या. संगीत नवीन असताना, कोणतीही परंपरा पाठीशी नसताना ते कसं वाजवलं गेलं याचा पुरावा दुसरीकडे नाही. तिचंच आणखी एक वादन न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या १५ मे १९५८ च्या मैफिलीत आहे. केजच्या २५ वर्षांच्या कामाचा तो आढावा होता आणि त्याचं ध्वनिमुद्रण तीन एलपींत निघालं. तिथे निवडकच सोनाटे आहेत, पण श्रोत्यांचा गोंगाट, टाळ्या, हुर्यो सगळं जिवंत आहे.

हर्बर्ट हेंक यांचं, ईसीएम या कंपनीचं 'लोकेशन्स' दोन सीडींचं आहे. एकीवर हे पूर्ण काम, दुसरीवर हेंक यांचं स्वतःचं प्रिपेर्ड पियानोवरचं उत्स्फूर्त वादन. नाद खोल, अवकाश मोठा. जवारीदार यांना ते आवडणार नाही असं वाटतं, मला आवडतं.

हे पचल्यावर पुढे कुठे जायचं? मागे जा आणि पुढेही. मागे म्हणजे 'बाकानाल', १९४०, सिॲटल. नर्तकी सिव्हिला फोर्टच्या नृत्यासाठी तालवाद्यं हवी होती आणि रंगमंचावर त्यांना जागाच नव्हती, म्हणून केजने पियानोच्या १२ स्वरांना, बहुतेक दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या पट्ट्या लावून, तालवाद्य बनवलं. सगळ्या प्रिपेर्ड पियानोची सुरुवात ही. मार्गारेट लेंग टॅन यांच्या न्यू ॲल्बियनवरच्या 'डॉटर्स ऑफ द लोन्सम आइल'मध्ये ते आहे. त्याच कंपनीचं त्यांचं 'द पेरिलस नाइट' आणि 'फोर वॉल्स'ही घ्या. 'फोर वॉल्स' तर पांढऱ्या पट्ट्यांवरच लिहिलेलं आहे, एकही वस्तू न लावता.

पुढे म्हणजे प्रिपेर्ड पियानो आणि चेंबर ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टो, १९५०-५१. ईसीएमच्या 'द सीझन्स' या अल्बममध्ये लेंग टॅन आणि अमेरिकन कंपोझर्स ऑर्केस्ट्रा, संचालन डेनिस रसेल डेव्हिस. १९४७ चं 'द सीझन्स' बॅलेही तिथेच आहे. मंद्रपंचम यांनी सांगितलेला धागा त्यात पुढे जातो: हिवाळा म्हणजे निवांतपणा, वसंत म्हणजे निर्मिती, उन्हाळा म्हणजे पालन, शरद म्हणजे संहार. तोच विचार १९५० च्या 'स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्स'मध्ये परत येतो, फक्त तिथे सुरुवात उन्हाळ्यापासून आहे. त्यासाठी आर्डिटी क्वार्टेट, मोड. कंप न देता, गजावर जवळजवळ भार न टाकता वाजवायचं आहे. हिवाळ्याचा भाग सगळ्यात लांब आहे आणि त्याच्या नावाचाच अर्थ 'जवळपास स्थिर' असा होतो.

---

तिसरी_घंटा

यादी उतरवून घेतली. टिलबरी आणि व्हांद्रे, दोन्ही मागवतो. स्ट्रीमिंगवर घेताना काही पाहावं लागतं का?

---

जवारीदार

तुकडे मोजा. २० हवेत. काही अल्बममध्ये निवडक सोनाटेच असतात आणि नाव मात्र पूर्ण कामाचं असतं. पूर्ण काम तासाभरापेक्षा थोडं जास्त असतं, ४० मिनिटांचं दिसलं तर ते अपुरं आहे. चौदावा आणि पंधरावा यांची जोडी आहे, दोघांना मिळून 'जेमिनी' म्हणतात, शिल्पकार रिचर्ड लिपोल्डच्या कामावरून. काही ठिकाणी त्यांची नावं आपसांत बदललेली सापडतात, तेव्हा लागोपाठ ऐका आणि मधे थांबू नका.